उंबरठ्यापर्यंतचे साहाय्य

चालता न येणाऱ्या मनुष्यास कुबड्या, तीनचाकी सायकल किंवा चाकाची खुर्ची सरकारने द्यावी, याविषयी आता कोणाचेही दुमत उरलेले नाही. केंद्र सरकारची साहित्यवाटपाची योजना 1981 पासून चालू आहे, आणि चंद्रपूर-गडचिरोलीत वरोऱ्यास, ब्रह्मपुरीस किंवा अहेरीस शिबिर भरले म्हणजे मंडपात खुर्च्यांची रांग लागते व पाहुण्यांची छायाचित्रेही निघतात. परंतु ज्या घरात त्या खुर्चीने शिरावयाचे त्याचे जोते दीड फूट उंच, दार अडीच फूट रुंद आणि न्हाणी परसातल्या दगडावर असेल, तर ते घर बदलण्यासाठी पैसा कोणी द्यावा, असे विचारताच तेच सहृदय गृहस्थ काही ठराविक उत्तरे देऊन मोकळे होतात. ही उत्तरे वरकरणी समंजस भासतात, म्हणूनच त्यांचा परामर्श घेणे अवश्य आहे.

पहिले उत्तर कुटुंबवत्सलतेचे. आमच्याकडे माणूस माणसाला उचलून नेतो. उतार, कठडे, रुंद दारे हे एकाकी शहरवासीयांचे सोपस्कार, असे अभिमानाने सांगितले जाते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत आप्तांची माया आटलेली नाही, हे मीही मानतो. पण मायेला हंगाम असतो. रोवणीच्या दिवसांत पहाटेपासून सारे घर बांध्यांत असते, उन्हाळ्यात तेंदूपत्त्यासाठी रानात असते, आणि ज्यांच्या दंडात उचलण्याचे बळ आहे तेच मिरची तोडण्यासाठी महिनोन् महिने तेलंगणात गेलेले असतात. घरी उरते ती म्हातारी, जिला स्वतःलाच कोणी हात द्यावयास हवा. शिवाय वयात आलेल्या मुलीस भावाने वा चुलत्याने संडासापर्यंत वाहून न्यावे, यात तिच्या लज्जेचे काय होते, हे पुरुषांनी लिहिलेल्या टिपणांत कधी उमटत नाही. ती पाणी कमी पिण्याची सवय लावून घेते, आणि आपण त्याला कौटुंबिक जिव्हाळा म्हणतो!

दुसरे उत्तर अधिक वजनदार, कारण त्याच्या पाठीशी कायदा आहे. अपंगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा कलम 37 अन्वये घरकुलादी योजनांत 5 टक्के आरक्षण देतो. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण घरास 1,20,000 रुपये, डोंगराळ व दुर्गम भागात 1,30,000 रुपये मिळतात, आणि शौचालयाचे 12,000 निराळे. माडिया व कोलाम या आदिम जमातींसाठी 2023 पासूनच्या जनमन योजनेत तर 2,00,000 रुपयांची तरतूद आहे. एवढे असता स्वतंत्र साहाय्य कशाला, असा हा युक्तिवाद आहे. त्यातील दोष असा की आरक्षणाने घर कोणाला मिळावे एवढे ठरते. ते घर त्याच्या उपयोगी पडावे, याविषयी ते मौन पाळते. बांधकामशास्त्राचा सामान्य दंडक असा आहे की एक फूट चढण्यास बारा फूट लांबीचा उतार लागतो. म्हणजे दीड फुटाच्या जोत्यास अठरा फूट. खुर्ची वळवावयास पाच फूट मोकळी जागा हवी. योजनेतील घराचे किमान क्षेत्रफळ 25 चौरस मीटर, आणि बारा हजारांच्या संडासात धडधाकट मनुष्यही कसाबसा वळतो. तेव्हा अपंगाला आरक्षणातून तेच घर त्याच रकमेत देणे म्हणजे पांगळ्यास शिडी बक्षीस देण्यासारखे आहे.

आणि ज्याचे घर आधीच उभे आहे, त्याचे काय? कुडाच्या भिंतींचे, कवेलूंचे ते घर बहुधा बापाच्या वा थोरल्या भावाच्या नावावर असते. ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदवहीत, म्हणजे नमुना आठवर, अपंगाचे नाव नसते, आणि घर दफ्तरी वन गणल्या जाणाऱ्या झुडपी जंगलाच्या जमिनीवर असले तर मामला आणखीच बिकट. पंचवीस वर्षे ज्याने त्या छपराखाली काढली, तो दफ्तराच्या दृष्टीने तेथे पाहुणाच ठरतो. इंग्लंडमध्ये 1989 च्या कायद्याने अपंगाचे राहते घर बदलण्यासाठी सरकारी साहाय्य सुरू झाले. तेथे घर अनुकूल करण्यास 30,000 पौंडांपर्यंत रक्कम मिळते, अर्जाचा निर्णय सहा महिन्यांत द्यावा लागतो, आणि मुख्य म्हणजे भाडेकरूसही अर्ज करता येतो. तेथेही प्रतीक्षेच्या याद्या लांबच लांब आहेत, हे खरे. त्यांच्या श्रीमंतीची बरोबरी आपल्याला साधणार नाही. पण साहाय्य राहणाऱ्यास द्यावे, मालकीच्या दाखल्यास नव्हे, हे तत्त्व घेण्यास पौंड लागत नाहीत.

आधी साधे घर तरी सर्वांना मिळू द्या, सोयी मागाहून पाहू, अशीही एक हरकत आहे. पण सोयी मागाहून करणेच महाग पडते. जोते बांधतानाच पातळी खाली धरली, दार तीन फुटांचे ठेवले, भारतीय बैठकीऐवजी कमोड बसवला, तर खर्च थोडा वाढतो. तेच मागाहून करावयाचे तर आधी बांधलेले फोडावे लागते. या इलाख्यात तर ही निकड विशेष आहे, कारण येथे सिकलसेलचा आजार आहे. त्यात रक्तपुरवठा तुटून खुब्याचे हाड झिजते आणि ऐन तारुण्यात उकिडवे बसणे अशक्य होते. 2016 च्या कायद्याने तो अपंगत्वांच्या यादीत घेतला खरा. घराच्या नकाशाने अद्याप त्याची दखल घेतलेली नाही. माणसाच्या गरजेप्रमाणे वस्तू बदलावी, याचा दाखला जवळच आहे. याच चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्यास, समाजसेवक बाबा आमटे राहिले. पाठीच्या कण्याच्या व्याधीने त्यांना बसता येत नसे. 1985 च्या भारत जोडो यात्रेत ते गाडीतील बिछान्यावर पडून फिरले. तेव्हा गाडी बदलली गेली. आमटे यांनी आधी बसावयास शिकावे, असा आग्रह कोणी धरला नाही.

राहिली गैरव्यवहाराची भीती. खोटे दाखले निघतील, पैसे उडवले जातील, असे म्हणणाऱ्यांना एवढेच सांगावयाचे की वाटपातली तीनचाकी बाजारात विकता येते, पण अंगणात बांधलेला मुरमाचा उतार आणि त्याचा बांबूचा कठडा कोणालाही विकता येत नाही. घरकुलाचे हप्ते देण्याआधी बांधकामाच्या टप्प्यांची छायाचित्रे घेतातच. त्याच वेळी उताराची तपासणी उरकेल.

पैशाविषयी मात्र मोघम बोलून चालणार नाही. स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नाचे 5 टक्के अपंगांवर खर्चावेत असा शासनाचा हुकूम आहे. पण एटापल्ली-भामरागडकडील ग्रामपंचायतीची घरपट्टीच इतकी तुटपुंजी की तिच्या 5 टक्क्यांतून एक दारही रुंद होणार नाही. तेथे आदिवासी गावांच्या स्वशासनासाठी केलेल्या पेसा कायद्याखालील अबंध निधी हाताशी आहे, आणि त्याचा विनियोग ग्रामसभेने ठरवावयाचा असतो. त्याहून मोठा झरा जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा. चंद्रपूरचा कोळसा आणि सुरजागडचे लोहखनिज काढणाऱ्या खाणचालकांनी भरावयाच्या रकमेतून हा निधी जमतो, आणि ज्या केंद्रीय योजनेखाली तो खर्च होतो तिच्या अग्रक्रमाच्या विषयांत वृद्ध व अपंग यांचे कल्याण नावानिशी लिहिलेले आहे. त्यातून दोन्ही जिल्ह्यांनी एक छोटी स्वतंत्र तरतूद काढावी. मालकीचा दाखला न मागता ग्रामसभेच्या ठरावावर ती मंजूर करावी. भामरागडच्या मनुष्यास त्यासाठी दीडशेहून अधिक किलोमीटर तुडवीत गडचिरोलीस यावयास लावू नये. आणि घरकुलाच्या अभियंत्याने जोत्याची आखणी करण्यापूर्वी या घरात खुर्ची वापरणारे कोणी आहे काय, एवढे विचारून ते नकाशावर लिहून ठेवावे.