नाकावरून जाणारी रेघ

दर वर्षी 15 ऑगस्ट आणि 26 जानेवारी जवळ आले की आमच्या पिंपळनेरला, साक्रीला, धुळ्याला, म्हणजे कुठल्याही गावाला घ्या, एक चेहरा हमखास दिसतो. अर्धा हिंदू, अर्धा मुसलमान. प्रभातफेरीच्या ट्रॅक्टरवर किंवा शाळेच्या स्टेजवर एक मूल उभं असतं. त्याच्या डाव्या गालाला टिळा, अर्धा फेटा, अर्धी मिशी. उजव्या गालाला अर्धी दाढी, अर्धी जाळीची टोपी, डोळ्यात सुरमा, खांद्यावर चौकड्यांचा रुमाल. गळ्यात पाटी असते, 'हम सब एक हैं'. लोक टाळ्या वाजवतात, फोटो काढतात, संध्याकाळपर्यंत तो फोटो सगळ्या ग्रुपवर फिरतो.

मला या चेहऱ्याबद्दल बोलायचं आहे. तो ऐक्याचा चेहरा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. ती फाळणी आहे, फक्त ती एकाच माणसाच्या तोंडावर केलेली आहे.

आधी हा मेकअप कसा करतात ते बघा. पांढऱ्या पेन्सिलीने केसांच्या मुळापासून रेघ सुरू करायची. ती कपाळाच्या मधून, नाकाच्या शेंड्यावरून, ओठांच्या मधून हनुवटीपर्यंत सरळ खाली आणायची. मग एक बाजू पूर्ण झाकून दुसरी रंगवायची. काही जण रेघेवर चिकटपट्टी लावतात, म्हणजे ब्रश पलीकडे जात नाही. मग पावडर मारून रंग पक्का करायचा, म्हणजे घामाने वितळून तो शेजारच्या बाजूला ओघळत नाही. दोन्ही बाजू जितक्या वेगळ्या दिसतील तितकं काम चांगलं झालं म्हणायचं. म्हणून एक बाजू उजळ करतात, दुसरी गडद. एकीकडची भुवई गोल, दुसरीकडची धारदार. थोडक्यात, या कलेचं सगळं यश दोन रंग एकमेकांत न मिसळण्यात आहे. रेघ फिसकटली की मेकअप फसला. आणि अशा कलेतून आपण मुलांना शिकवणार काय, तर मिसळून राहा!

ही कला वाईट आहे, असं मी म्हणत नाही. ज्या कामासाठी ती आहे, त्या कामाला ती चोख आहे. बॅटमॅनच्या गोष्टींत 1942 साली टू-फेस नावाचं पात्र आलं. हार्वे डेंट नावाचा सरकारी वकील, त्याच्या अर्ध्या तोंडावर ॲसिड फेकलं जातं. पुढे तो चांगलं करायचं की वाईट, हे नाणं उडवून ठरवतो. आज कॉस्प्ले करणारी पोरं हा चेहरा रंगवतात, तेव्हा त्यांना माहीत असतं की हा माणूस आतून तुटलेला आहे. त्याच्या दोन बाजू भांडतायत. चेहरा मधोमध चिरण्याचा अर्थच तो आहे.

अमेरिकेच्या 'स्टार ट्रेक' मालिकेत 1969 साली एक भाग दाखवला गेला. त्यात चेरॉन नावाच्या ग्रहावरची दोन माणसं येतात. दोघांचेही चेहरे अर्धे काळे, अर्धे पांढरे. बघणाऱ्याला दोघं सारखेच दिसतात, पण ती एकमेकांच्या जिवावर उठलेली असतात. का? तर एकाची उजवी बाजू काळी आणि दुसऱ्याची डावी. एवढ्यावरून त्यांचा अख्खा ग्रह मारामारीत बेचिराख झालेला असतो. ती मालिका बनवणाऱ्यांना हे कळत होतं की चेहऱ्यावर रेघ मारली की पुढचा प्रश्न 'कोण कुठल्या बाजूचा' हाच असतो. आपल्या सांस्कृतिक कार्यक्रम समित्यांना ते अजून कळलेलं नाही.

कुणी म्हणेल, आपल्याकडे अर्धनारीनटेश्वर आहे की! आहे, आणि जरूर बघावा. घारापुरीच्या लेण्यात तो भव्य शिल्पात उभा आहे. एक बाजू शिवाची, एक पार्वतीची, हात नंदीवर टेकलेला. पण ते शिल्प नीट बघा. देह एकाच लयीत झुकलेला आहे. शिव कुठे संपला आणि पार्वती कुठे सुरू झाली, तिथे बोट ठेवून दाखवता येत नाही. ज्याने तो दगड घडवला त्याला दोघांचं एकपण दाखवायचं होतं, म्हणून त्याने रेघ मारली नाही. आमच्या स्टेजवरच्या मुलाला मात्र रेघेशिवाय अर्थच उरत नाही.

आता त्या दोन बाजूंत काय काय भरतात ते बघू, कारण खरी गोम तिथे आहे.

मागे माझ्या भाचीला या भूमिकेसाठी निवडलं. सहावीतली पोरगी. शाळेचं नाव सांगत नाही, कारण हे एका शाळेचं नाही. 'राष्ट्रीय एकात्मता' विषय, अर्धी हिंदू स्त्री, अर्धी मुस्लिम स्त्री. बाई तिला म्हणाल्या, "अगं, तू तर मुसलमान वाटतच नाहीस. घरून काळा बुरखा घेऊन ये." आता आमच्या घरात बुरखा नव्हता. माझी आई जन्मभर पाचवारी नेसली. बहीण पंजाबी ड्रेस घालते, डोक्यावर ओढणी घेते. शेवटी बहिणीने शेजारणीकडून नकाब मागून आणला. हिंदू बाजूसाठी मात्र काहीच मागावं लागलं नाही. कपाळावर अर्धी टिकली, केसात गजरा, आणि हातात तिच्याच हिरव्या बांगड्या, ज्या आमच्याच मण्यार मामूंनी भरल्या होत्या. म्हणजे घरातलं, रोजचं होतं ते सगळं 'हिंदू' बाजूला गेलं. मुसलमान असलेल्या पोरीची मुसलमान बाजू तेवढी उसनी आणावी लागली. कार्यक्रम झाल्यावर तोंड धुताना तिने मला विचारलं, "मामू, यातली माझी बाजू कोणती?"

हा प्रश्न त्या पोरीचा एकटीचा नाही. या मेकअपमध्ये फेटा, नथ, नऊवारी, गजरा, मराठी भाषा, म्हणजे ही जमीन, ही सगळी एका बाजूला जाते. दुसऱ्या बाजूला उरतं ते दाढी, टोपी, बुरखा आणि अरबांसारखा रुमाल. एक बाजू इथली, दुसरी कुठून तरी आलेली. मग पाटीवर काहीही लिहा, बघणारा घरी जाताना एवढंच घेऊन जातो की मराठीपण आणि मुसलमानपण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एका चेहऱ्यावर त्या बसवायच्या तर मध्ये रेघ लागते.

खानदेशात उभं राहून असं म्हणणं म्हणजे कमालच आहे. या प्रांताच्या नावावरच आधी रेघ मारून दाखवा. ते कशावरून पडलं याबद्दल मतं वेगवेगळी आहेत. कुणी फारुकी सुलतानांच्या 'खान' या पदवीवरून म्हणतं, कुणी कान्हदेश म्हणतं. पण खान आणि देश हे दोन शब्द कित्येक शतकं एकाच नावात नांदतायत, आणि आपण ते एका दमात उच्चारतो. त्या फारुकींची थडगी आपल्याच धुळे जिल्ह्यात, तापीकाठी थाळनेरला आहेत. त्यांच्या राजधानीत, बुऱ्हाणपूरला, सोळाव्या शतकाच्या अखेरीस जामा मशीद बांधली गेली. त्या मशिदीच्या आत अरबी शिलालेख आहे आणि संस्कृतही आहे. संस्कृत लेखात तिथी हिंदू कालगणनेप्रमाणे दिली आहे. मशीद अर्धी करून अर्ध्या भागाला देऊळ जोडलं नाही कुणी. मशीद पूर्ण मशीदच राहिली आणि संस्कृत तिच्या भिंतीत निवांत बसलं.

पुढे यावल, रावेर, चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला जा. तिथे तडवी भिल्ल आहेत. आदिवासी आहेत, अनुसूचित जमातीत मोडतात, आणि मुसलमान आहेत. तडवी बाईच्या तोंडावर रेघ कुठून मारणार? नाकाच्या डाव्या बाजूला भिल्ल आणि उजव्या बाजूला इस्लाम? ती हसेल तुम्हाला. ती पूर्ण भिल्ल आहे आणि पूर्ण मुसलमान आहे. आमचे पिंजारी, बागवान, तांबोळी, मण्यार यांचंही तेच. मी घरात मुसलमानी हिंदी बोलतो, बाजारात अहिराणी, कागदावर मराठी लिहितो. जीभ एकच आहे. 'शे' म्हणताना ती अर्धी होत नाही.

मी जुम्म्याला टोपी घालतो. मला टोपीची लाज नाही आणि कुणाच्या टोपीवर आक्षेपही नाही. पण टोपी अख्ख्या डोक्यावर बसते. ती घातल्यावर माझं अर्धं डोकं मराठी आणि अर्धं मुसलमान होत नाही. माझ्या ओळखी एकमेकींच्या शेजारी राहत नाहीत, त्या एकमेकींच्या आत राहतात. हे रंगवून दाखवता येत नसेल, तर रंगवू नका.

यावर एक उत्तर नेहमी येतं, "भाऊ, हेतू चांगला असतो. निदान द्वेष तर पसरवत नाहीत." हे उत्तर मी हलक्यात घेत नाही. धुळ्याने 2008 ची दंगल पाहिली आहे. 2013 च्या जानेवारीत एका हॉटेलातल्या बिलाच्या वादातून पेटलेली दंगल पाहिली आहे. त्यात पोलिसांच्या गोळीबारात सहा तरुण गेले. अशा जिल्ह्यात कुणी मास्तर भाईचाऱ्याचं काही करू बघत असेल, तर त्याची तळमळ खरी असणार. पण तळमळ खरी म्हणून औषध बरोबर ठरत नाही. दंगलीत माणूस मारण्याआधी काय करतात? त्याला ओळखून काढतात. दाढी बघतात, नाव विचारतात, कपाळ बघतात. आपण मुलांना स्टेजवर नेमकं तेच शिकवतो, की मुसलमान कशावरून ओळखायचा आणि हिंदू कशावरून. आधी खुणा पाठ करून घ्यायच्या आणि मग गळाभेट घ्या म्हणायचं. गळाभेट कार्यक्रमापुरती असते, खुणा मात्र डोक्यात पक्क्या बसतात.

आता थोडं आपल्या लोकांबद्दल, नाहीतर मी एकच गाल रंगवला असं होईल. ही रेघ मशिदीबाहेरही मारली जाते. "मराठीत का लिहितोस, उर्दूत का नाही?" हे मला मुसलमानांनीच विचारलं आहे. आईची पाचवारी कुणाला 'गैरइस्लामी' वाटते, तडव्यांच्या चालीरीती कुणाला 'साफ' करायच्या असतात. त्यांनाही चेहऱ्याची एकच बाजू हवी आहे, फक्त उलटी. त्यांच्या हाती दिला तर ते शेजारणीचा तो उसना नकाब माझ्या भाचीला कायमचा देतील आणि बांगड्या काढून घेतील. शाळेतल्या बाई आणि हे मौलाना यांचं एका गोष्टीवर एकमत आहे, की खरा मुसलमान इथला दिसत नाही. मला दोघांशीही भांडायचं आहे.

मग स्टेजवर करायचं काय? सोंगच आणायचं तर पूर्ण आणा. आपला बहुरूपी कधी अर्धा आला का? तो पोलीस झाला की नखशिखान्त पोलीस होतो. महाराष्ट्रात कितीतरी गावांत मोहरमला हिंदू घरांतली पोरं नवसाने फकीर होत आली आहेत. अर्धी फकीर होत नाहीत, पूर्ण होतात, आणि त्याने त्यांचं हिंदूपण कणभरही कमी होत नाही. त्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या लोकांना दुसऱ्याचं रूप घेताना मध्ये रेघ लागली नाही.

मुलाला श्रीगोंद्याचे शेख महंमद करा. सतराव्या शतकातला हा सूफी माणूस, मराठीत 'योगसंग्राम' लिहून गेला. बार्शीचे शाहीर अमर शेख करा. हातात डफ द्या, अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर शेजारी उभे करा, संयुक्त महाराष्ट्राची सभा उभी करा. पुण्याच्या 1990 च्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावर बसलेले डॉ. यू. म. पठाण करा. संतसाहित्य आणि महानुभाव पोथ्यांत आयुष्य घालवलेला माणूस. त्याच साली सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्य संमेलनही सुरू झालं, ते दाखवा. नाहीतर एखादी तडवी आजी करा, बांगड्या भरणारे मण्यार चाचा करा. या कुणालाही अर्धी दाढी चिकटवावी लागणार नाही. आणि ती भूमिका हिंदू मुलाला द्या किंवा मुसलमान मुलाला, काही फरक पडणार नाही.

खानदेशातल्या सगळ्या शिक्षकांना, शिक्षिकांना माझी हात जोडून विनंती आहे. येत्या प्रभातफेरीची तयारी कराल तेव्हा ती पांढरी पेन्सिल बाजूला ठेवा. तुमच्या वर्गात जे मुसलमान पोर बसलं आहे, ते अख्खं तुमचं आहे आणि अख्खं मुसलमान आहे. त्याला घरून काही आणायला सांगू नका. तो जसा रोज शाळेत येतो, तसाच त्याला झेंड्याखाली उभा करा.