परग्रहावरचा फराळ

विनोदी विज्ञानकथेत परग्रहावरचा अंतराळवीर आला, की आमचे लेखक त्याच्या ताटात हिरवा चिखल नाहीतर किड्यांची चटणी वाढून मोकळे होतात. हा विनोद नव्हे, परक्याच्या ताटाला नाक मुरडणे झाले! आपल्या बोलीला, जेवणाला हसणारे आम्ही सीमाभागातल्यांनी काय कमी पाहिलेत?

खरी गंमत अडचणीत असते. १९६५ साली जेमिनी-३ यानात जॉन यंगने चोरून सँडविच नेले. चुरा तरंगू लागताच ते खिशात कोंबावे लागले. १९८५ साली मेक्सिकोच्या नेरी वेलाने मक्याच्या पोळ्या, तोर्तिया, नेल्या; पुढे पावाऐवजी तोर्तियाच अंतराळात रूढ झाल्या. परग्रहवासीयांनाही असाच चिवडा द्या! तरंगते दाणे पकडताना त्यांच्या सहाही हातांची तारांबळ उडू द्या. मग आपण त्यांना नव्हे, त्यांच्यासोबत हसू.