फवारणाऱ्याची किडनी तपासा!



2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्यावर गेली होती. त्या दाटीत फवारणीचा पंप घेऊन शिरलेल्या 800 हून अधिक जणांना विषबाधेने दवाखान्यात भरती व्हावे लागले, 20 हून अधिक दगावले. मेलेल्यांची मोजदाद झाली. जे वाचले आणि पुढच्या हंगामात पुन्हा पंप पाठीला लावून उभे राहिले, त्यांच्या मूत्रपिंडांची चौकशी कोणी केली?

पंप गळतो. पाठीवर शर्ट भिजतो आणि अंगावरच वाळतो. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉससारखी कीटकनाशक औषधे कातडीतून रक्तात उतरतात, यकृतात फुटतात आणि लघवीवाटे बाहेर पडतात. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे जातो, त्यासोबत हे विषही. त्याच जातीचे क्लोरपायरिफॉस दिलेल्या उंदरांच्या रक्तात युरिया आणि क्रिएटिनिन ही किडनीने बाहेर टाकायची द्रव्ये वाढतात, मूत्रनलिकांच्या पेशी खराब होतात, हे प्रयोगांत वारंवार दिसले आहे. उंदीर सस्तन, माणूस सस्तन, आणि फवारलेल्या धुऱ्यावरचे गवत खाणारी आपली गायही.

किडनी उन्हाने, कमी पाण्याने, मधुमेहानेही जाते, असे सांगितले जाईल. खरेच आहे. पण फवारणाऱ्याला ऊन, तहान आणि विष एकदमच भोगावे लागते. हात औषधाने माखलेले, म्हणून तो तासन् तास पाणीही पीत नाही. शिवाय किडनी बिघडताना दुखत नाही. तिचे निम्मे काम बंद पडेपर्यंत क्रिएटिनिनसुद्धा फारसे हलत नाही.

हातमोजे का घातले नाहीत, असे मजुरालाच दटावणाऱ्यांनी 1971 च्या कीटकनाशक नियमांतला 37 वा नियम वाचावा. फवारणीच्या कामावरील माणसाची कामाआधी आणि पुढे दरवर्षी वैद्यकीय तपासणी करा, असे तो सांगतो. तुमच्या गावातल्या एका तरी मजुराची अशी तपासणी झाली आहे का? झाली नसेल, तर ही कायद्याची उघड पायमल्ली आहे, आणि ती आम्हाला मान्य नाही.

प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात हंगामाआधी आणि हंगामानंतर फवारणाऱ्यांच्या लघवीची आणि क्रिएटिनिनची मोफत तपासणी झालीच पाहिजे. तिची नोंद मजुराच्या हाती मिळाली पाहिजे. संरक्षक कपड्यांचा खर्च औषध विकून नफा कमावणाऱ्या कंपन्यांनी उचलावा.

येत्या ग्रामसभेत या मागण्यांचा ठराव मांडा, सह्या करा, आणि ठरावाची प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे देऊन पोच घ्या.