बिनतारीचा हुनर: फौजेत आणि फौजेनंतर

मुलगा बारावी सायन्स झाला आहे, अभियांत्रिकीची फी झेपणारी नाही, आणि तो अग्निवीर व्हायचे म्हणतो, काय करावे? अशी विचारणा आमच्याकडे अलीकडे सारखी होते. विचारणारे बहुधा अब्बा असतात. त्यांच्या प्रश्नात वर्दी असते, पगार असतो, चार वर्षांनंतरच्या रकमेचा हिशोब असतो. मुलगा तिथे नेमके काम कोणते शिकणार, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. म्हणून या महिन्यात आम्ही फौजेतल्या एकाच कामाबद्दल लिहितो आहोत: बिनतारी संदेशवहन. फौजेतली जी थोडी कामे बाहेरच्या बाजारातही चालतात, त्यांत हे वरच्या रांगेत आहे. तरीही हा हुनर शिकून आलेली माणसे एटीएमच्या दारात खुर्ची टाकून बसलेली दिसतात. हे कसे होते आणि ते टाळता येते का, एवढेच आम्हाला पाहायचे आहे.

भारतीय सेनेत हे काम ‘कोअर ऑफ सिग्नल्स’ पाहते. १५ फेब्रुवारी १९११ रोजी ती उभी राहिली. तिचे बोधवाक्य ‘तीव्र चौकस’. मराठी माणसाला ते समजावून सांगायला नको. जवानांच्या प्रशिक्षणाचे एक केंद्र जबलपूरला आहे आणि दुसरे आपल्या शेजारी, गोव्यात पणजीला. वरच्या दर्जाचे तांत्रिक शिक्षण मध्य प्रदेशातील महूच्या लष्करी महाविद्यालयात होते. नौदलाचा आणि हवाई दलाचा संदेशवहनाचा व्याप वेगळा आहे, पण कामाचा गाभा तोच.

रेडिओवर बोलण्यात काय मोठेसे, असे वाटणे साहजिक आहे. सिनेमातला वीर ‘ओव्हर अँड आऊट’ म्हणून संच ठेवतो. शिकलेला ऑपरेटर असे कधीच म्हणत नाही. ‘ओव्हर’ म्हणजे माझे बोलून झाले, आता तू बोल. ‘आऊट’ म्हणजे संभाषण संपले, उत्तर नको. दोन्ही एकदम म्हणणे म्हणजे पाहुण्याला एकाच दमात ‘बसा’ आणि ‘या आता’ म्हणण्यासारखे. खरखरीतून बी, डी, पी, टी ही इंग्रजी अक्षरे सारखीच ऐकू येतात, म्हणून ब्राव्हो, डेल्टा, पापा, टँगो. आलेला आकडा परत म्हणून दाखवायचा, समोरच्याने ‘बरोबर’ म्हटल्यावरच पुढे जायचे. प्रत्येक संदेशाची वेळ नोंदवहीत लिहायची. थकलेले असताना, घाबरलेले असताना, पहाटे तीन वाजता, तितक्याच सपाट आवाजात. ही सवय अंगात मुरायला वेळ लागतो, आणि आमच्या मते संच चालवण्यापेक्षा तीच जास्त मोलाची आहे.

बाकीचा भाग तंत्राचा. एचएफ पट्ट्यातल्या लहरी आकाशातल्या आयनांच्या थरावरून परत फिरून शेकडो किलोमीटरवर उतरतात, आणि दिवसा चालणारी वारंवारता रात्री चालेलच असे नाही. रात्री सहसा खाली यावे लागते. व्हीएचएफच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात, मध्ये डोंगर आला की अडतात. अँटेनाची लांबी लहरीच्या लांबीवर ठरते, म्हणून नुसती तार कापून, झाडाला बांधून कामचलाऊ अँटेना करता येते. बॅटऱ्या, जनरेटर, केबल टाकणे, फायबर जोडणे, नेटवर्कचे स्विच, बिघाड शोधणे हे सगळे याच घरातले. ऑपरेटर, मेकॅनिक, लाइनमन अशी त्यांची वेगवेगळी कामे असतात.

हे ज्ञान आता जुने झाले, खिशात मोबाइल आहे, असे म्हणणाऱ्यांनी जुलै २०२१ मधला चिपळूणचा पूर आठवावा. वीज गेली, टॉवर बंद पडले, आणि मुंबईत किंवा आखातात बसलेल्या माणसाला आपले घर पाण्याखाली आहे की वर, हे कळेना. मोबाइलच्या टॉवरला वीज लागते आणि मागून येणारी केबल लागते. रेडिओ संचाला एक बॅटरी, एक तार आणि एक शिकलेला माणूस लागतो. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखाली हौशी रेडिओवाल्यांची एक तुकडी योगायोगाने अंदमानातच होती. तिकडची खबर मुख्य भूमीवर पोहोचवण्यात त्यांच्या संचांचा मोठा वाटा होता.

आता बाहेरच्या बाजाराकडे येऊ. आमच्या कोकणातल्या वाचकांना मुंबई हाय आणि आखातातले तेलाचे प्लॅटफॉर्म ठाऊक आहेत. प्रत्येक घरात नाही, पण प्रत्येक मोहल्ल्यात तिथे राबलेला कोणीतरी सापडतो. अशा प्लॅटफॉर्मवर एक रेडिओ रूम असते. येणारे हेलिकॉप्टर, सामान आणणारी जहाजे, हवामान, आज प्लॅटफॉर्मवर किती माणसे आहेत याची यादी, सगळे तिथून चालते. फौजेतल्या ऑपरेटरला हे काम अनोळखी वाटणार नाही. पण नुसता अनुभव सांगून तिथे नोकरी मिळत नाही. साधारणपणे जीएमडीएसएस या सागरी संकटसंदेश व्यवस्थेचे ऑपरेटर प्रमाणपत्र मागतात. भारतात त्याची परीक्षा दूरसंचार विभागाची बिनतारी शाखा घेत आली आहे.

जमिनीवरही कामे आहेत. महाराष्ट्र पोलिसांचा स्वतंत्र बिनतारी संदेश विभाग आहे, त्याचे मुख्यालय पुण्याला. रेल्वेत सिग्नल आणि दूरसंचार खाते आहे. बंदरांत जहाजांची ये-जा सांभाळणारे नियंत्रण कक्ष आहेत. ११२ आणि १०८ क्रमांकांमागे बसलेली माणसे आहेत. तिथे तर तो सपाट आवाजच हवा असतो. खासगी कंपन्यांत फायबर जोडणारा, टॉवर सांभाळणारा, नेटवर्कवर रात्रपाळीत नजर ठेवणारा तंत्रज्ञ लागतो. सीमा सुरक्षा दलात हेड कॉन्स्टेबल रेडिओ ऑपरेटर आणि रेडिओ मेकॅनिक अशी पदे निघतात. ती चार वर्षांची नसतात, आणि आयटीआयचा योग्य ट्रेड केलेल्या मुलालाही तिथे अर्ज करता येतो. अग्निवीरच्या गजरात ही वाट घरोघरी विसरली जाते, याचे आम्हाला नवल वाटते.

याच धंद्यात एक मोठा धडा होऊन गेला आहे. एके काळी मोठ्या जहाजावर रेडिओ ऑफिसर असे. मोर्सच्या कट-कड-कट्टमध्ये त्याचा हात बसलेला, पगार चांगला, मान मोठा. १ फेब्रुवारी १९९९ पासून जीएमडीएसएस पूर्णपणे लागू झाली, उपग्रह आला, आणि जहाजावरचे डेक ऑफिसरच ते प्रमाणपत्र घेऊन रेडिओ सांभाळू लागले. ज्यांच्याजवळ फक्त मोर्स होता ते घरी बसले. ज्यांनी वेळीच इलेक्ट्रॉनिक्स पक्के केले ते जहाजावरचे विजेचे आणि इलेक्ट्रॉनिक्सचे अधिकारी झाले. हात तेच, माणसे तीच. कागद बदलला आणि अभ्यास वाढवला, एवढाच फरक.

आता अग्निवीरकडे वळू, कारण खरा पेच तिथे आहे. ही योजना १४ जून २०२२ रोजी जाहीर झाली. सेवा चार वर्षांची, त्यानंतर जास्तीत जास्त पंचवीस टक्के मुलांना कायम ठेवणार. पहिल्या वर्षी महिना तीस हजार, त्यातले नऊ हजार सेवानिधीत कापले जातात, हातात एकवीस. चौथ्या वर्षी चाळीसपैकी अठ्ठावीस हातात. बाहेर पडताना सरकारच्या वाट्यासह आणि व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपये, त्यावर आयकर नाही. पेन्शन नाही, आणि माजी सैनिकाचा दर्जाही मूळ योजनेत नाही. जुन्या पद्धतीने पंधरा वर्षे काढलेल्या दहावी पास जवानाला काही सरकारी नोकऱ्यांसाठी पदवीधराच्या बरोबरीने धरले जाई; चार वर्षांच्या मुलाला तो आधार नाही. पहिल्या तुकड्या २०२२ मध्ये निवडल्या गेल्या, त्यांची मुदत २०२६-२७ मध्ये भरते.

आणखी एक गोष्ट अर्ज भरण्यापूर्वी समजून घ्यावी. अर्ज ‘सिग्नल्स’साठी करता येत नाही. जनरल ड्यूटी, टेक्निकल, क्लार्क असे वर्ग असतात. पुढे कोणत्या रेजिमेंटमध्ये किंवा कोअरमध्ये पाठवायचे ते सेना ठरवते. टेक्निकलमध्ये गेल्याने सिग्नल्सच मिळेल असे नाही, पण तांत्रिक काम हाती येण्याची शक्यता तिथे जास्त. त्यासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि इंग्रजी लागते किंवा ठरावीक आयटीआय-डिप्लोमा लागतो. वयाची आणि गुणांची अट दर भरतीच्या जाहिरातीत पाहावी, क्लासवाल्याच्या सांगण्यावर जाऊ नये. दाढीबद्दलही विचारले जाते, तर स्पष्ट सांगतो: धार्मिक कारणासाठी दाढी ठेवू देण्याची हवाई दलातील एका जवानाची मागणी सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये फेटाळली आहे. सेनेचा नियमही त्याच बाजूचा आहे; नौदलात परवानगीने ठेवता येते. घरात यावर बोलायचे ते अर्जाआधी बोलावे.

निवड झालीच, तर मुलाने पहिल्या वर्षापासून कागद जमवायला लागावे. कोणता कोर्स, किती आठवड्यांचा, कोणती श्रेणी, हे त्याच्याजवळ लेखी असावे. अग्निवीरांसाठी इग्नूची तीन वर्षांची पदवी आहे; तिचे निम्मे श्रेयांक फौजेतल्या प्रशिक्षणाचेच धरले जातात. दहावीवर गेलेल्याला मुक्त विद्यालयी संस्थेकडून बारावी करता येते. चार वर्षे संपल्यावर ‘आता बघू’ म्हणणारा मुलगा चोवीस-पंचवीस वर्षांचा असतो, आणि त्याच्याबरोबर डिप्लोमा केलेली मुले तोवर दोन नोकऱ्या बदलून बसलेली असतात.

नोकरीच्या अर्जात तो काय लिहितो, हेही महत्त्वाचे. फौजेतले संच, ठिकाणे, युनिटची कामे बाहेर सांगायची नसतात. कायद्याने मनाई आहे. त्यामुळे बरीच मुले ‘सेनेत चार वर्षे सेवा’ एवढीच ओळ लिहितात, आणि ती वाचून मालकाला सिक्युरिटी गार्ड आठवतो. गुपित न फोडताही लिहिता येते: चोवीस तास चालणाऱ्या नियंत्रण कक्षात पाळीने काम; एचएफ आणि व्हीएचएफ संचांची देखभाल; फायबर जोडणी; जनरेटर व बॅटरीची व्यवस्था; संदेशांची वेळेसह नोंद. मालकाला हीच भाषा कळते.

आणि ते ११.७१ लाख. आम्हाला भीती वाटते ती या रकमेची. पैसे खात्यात येण्याआधी मोहल्ल्यात खबर येते. बहिणीचा निकाह, वरचा मजला, चुलत्याची उधारी, आणि ‘पोरगा फौजी आहे, वलीमा साधा कसा करायचा?’ बहिणीच्या लग्नाला भावाने हात लावू नये असे आम्ही म्हणत नाही. पण त्यातला एक हिस्सा त्याच्या पुढच्या शिक्षणासाठी आणि ते चालू असतानाच्या घरखर्चासाठी आधीच बाजूला ठेवावा, आणि हे अम्मी-अब्बांनी त्याच्यासमोर, पैसे येण्यापूर्वी ठरवावे. कमावत्या मुलाला स्वतःसाठी पैसे मागायची लाज वाटते. ती त्याच्यावर येऊ देऊ नये.

मुलींचे काय? सेनेत अग्निवीर म्हणून मुलींना सध्या मिलिटरी पोलीसचीच वाट आहे. नौदलात मुली अग्निवीर होतात. अभियांत्रिकी केलेल्या मुलींना अधिकारी म्हणून सिग्नल्समध्ये जाता येते, आणि फेब्रुवारी २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने स्थायी कमिशनही खुले झाले. बिनतारी हे बायकांचे काम नव्हे, असे कोणी म्हणेल तर नूर इनायत खान यांचे नाव सांगावे. बडोद्याचे सूफी गायक हजरत इनायत खान यांची ही लेक, टिपू सुलतानच्या वंशातली. १९४० मध्ये ती ब्रिटिश हवाई दलाच्या महिला शाखेत शिरली, बिनतारी शिकली, आणि जून १९४३ मध्ये जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये ऑपरेटर म्हणून उतरली. सोबतचे लोक पकडले गेले तरी ती पॅरिसमध्ये जागा बदलत संदेश पाठवत राहिली. एका जागी जास्त वेळ प्रक्षेपण केले की दिशा हुडकणाऱ्या गाड्या माग काढत येत. ऑक्टोबरमध्ये ती पकडली गेली, १३ सप्टेंबर १९४४ रोजी डाखाऊच्या छळछावणीत तिला मारले, १९४९ मध्ये जॉर्ज क्रॉस जाहीर झाला. पाठवलेल्या संदेशांच्या नकला तिने वहीत जपून ठेवल्या होत्या, आणि त्या शत्रूच्या हाती लागल्या. काय लिहून ठेवायचे आणि काय नाही, हेही या कामातले शिक्षणच असते.

ज्यांची मुले अजून सातवी-आठवीत आहेत त्यांच्यासाठी एक सोपी सुरुवात आहे. बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला हौशी रेडिओच्या परवान्याची परीक्षा देता येते. ती दूरसंचार विभागाची असते. साधे इलेक्ट्रॉनिक्स आणि रेडिओचे नियम विचारतात, आणि खालच्या दर्जाच्या परवान्याला मोर्सही लागत नाही. सुट्टीत अभ्यास होण्यासारखा आहे. मात्र परवाना हाती येईपर्यंत ऑनलाइन मिळणारा स्वस्त प्रक्षेपण-संच घरात आणू नये. परवान्याशिवाय तो बाळगणे कायद्याने गुन्हा आहे, मग तो गच्चीवर गंमत म्हणून लावलेला का असेना.