बंदुकीने केलेली निवड

देशाच्या गाण्यांत सर्वश्रेष्ठ काय, हे ठरविण्याचा छंद वरकरणी निरुपद्रवी दिसतो. चिलीत तो तसा नाही. २००८ साली ‘रोलिंग स्टोन’ मासिकाच्या चिली आवृत्तीने त्या देशातील ५० सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रिकांची क्रमवारी प्रसिद्ध केली आणि व्हिओलेता पारा यांच्या १९६६ सालच्या ‘अखेरच्या रचना’ या ध्वनिमुद्रिकेला पहिले स्थान दिले. अशा क्रमवारीवर वाद व्हायचेच. परंतु त्या वादात एक युक्तिवाद हटकून डोके वर काढतो : संगीताचा न्याय संगीताच्याच कसोटीवर व्हावा, त्यात राजकारण आणू नये. हा युक्तिवाद निःपक्षपाती भासतो. वस्तुतः तो इतिहास विसरण्याची सवलत मागतो.

कारण चिलीतील पहिली निवड समीक्षकांनी केलेलीच नाही. ती लष्कराने केली. ११ सप्टेंबर १९७३ रोजी साल्वादोर आयेंदे यांचे लोकनियुक्त सरकार उलथून पाडण्यात आले आणि काही दिवसांतच गायक व्हिक्टर हारा यांचा छळ करून त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. तरुण कम्युनिस्टांनी उभारलेली ‘दिकाप’ ही ध्वनिमुद्रण संस्था बंद पाडण्यात आली. ‘इन्ती-इयिमानी’ आणि ‘किलापायून’ ही पथके तेव्हा युरोपच्या दौऱ्यावर होती. त्यांना मायदेश बंद झाला. पहिल्या पथकाला परतण्यासाठी १९८८ साल उजाडावे लागले. हारांच्या पत्नी जोन यांनी दोन मुलींसह देश सोडला आणि पतीची ध्वनिमुद्रणे बाहेर नेली. जे असे वाचले त्याचीच आज तुलना होते. जे नष्ट झाले, जे गायिलेच गेले नाही, त्याला कितवा क्रमांक द्यायचा?

म्हणून हुतात्म्याची प्रत्येक तबकडी श्रेष्ठ मानावी काय? मुळीच नाही, तशी दया हारांच्या कलेचा अपमान ठरेल. त्यांची १९७२ सालची ‘ला पोब्लासिओन’ स्वतःच्या बळावर श्रेष्ठ आहे. मोकळ्या जमिनी ताब्यात घेऊन सान्तियागोच्या कडेला वसलेल्या बेघर श्रमिकांची कहाणी तिने तेथील रहिवाशांच्या आवाजांसह उभी केली. पारा यांनीही खेडोपाडी हिंडून वृद्ध गायकांकडून लोकगीते गोळा केली होती. अशा ध्वनिमुद्रिकेवर नाव एकाचे असते, भांडवल समूहाचे असते. क्रमवारी मात्र केवळ विकाऊ वस्तू मोजते.

ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या भाडेवाढीतून पेटलेल्या आंदोलनात हारांचे ‘शांततेने जगण्याचा हक्क’ हे १९७१ सालचे गीत हजारो कंठांतून पुन्हा घुमले. गाणाऱ्या कित्येक तरुणांचा जन्म त्यांच्या हत्येनंतरचा होता. हत्येच्या खटल्यात सात माजी लष्करी अधिकाऱ्यांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने कायम केली ती २०२३ साली, म्हणजे ५० वर्षांनी. न्यायसंस्था चाचपडत असताना गाणे जपले ते सामान्य जनतेने.

श्रेष्ठतेचा वाद जरूर घालावा. मात्र पहिला प्रश्न हा असावा : कोणाला गाऊ दिले गेले, आणि कोणाचा गळा दाबला गेला? हा प्रश्न टाळणारी रसिकता कितीही सुसंस्कृत दिसो, ती लष्करशहांनी केलेली निवडच पुढे चालवीत असते.