५२ जागा : हिटलरचे बहुमत कोणाचे होते?

१/ हिटलर निवडणूक जिंकून सत्तेवर आला, असे सर्रास म्हटले जाते. त्याने सत्ता बळकावली, असेही म्हटले जाते. दोन्ही वाक्यांतून एक पक्ष अलगद निसटतो. त्याच्या ५२ जागांवाचून मार्च १९३३ मध्येही हिटलरला बहुमत नव्हते. हा धागा त्या पक्षाविषयी. #इतिहास

२/ पक्ष : जर्मन राष्ट्रीय जनपक्ष, अर्थात डीएनव्हीपी. जमीनदार, उच्चपदस्थ नोकरशहा, प्रॉटेस्टंट मध्यमवर्ग. कैसरच्या राजवटीची ओढ असलेली मंडळी. डिसेंबर १९२४ मध्ये २०.५ टक्के मते. वायमार प्रजासत्ताक त्यांना मनापासून मान्य नव्हते, तरी १९२५ आणि १९२७ मध्ये त्याच्याच मंत्रिमंडळात ते बसले.

३/ मे १९२८ मध्ये मते १४.२ टक्क्यांवर घसरली. याचा दोष हिटलरवर ढकलता येत नाही; नाझींना तेव्हा २.६ टक्केच मते होती. पराभवातून पक्षाने निष्कर्ष मात्र असा काढला, की आपण पुरेसे कडवे नव्हतो.

४/ त्याच वर्षी आल्फ्रेड हुगेनबर्ग पक्षाध्यक्ष झाला. वृत्तपत्रे, वृत्तसंस्था, उफा ही चित्रपट कंपनी, सारे त्याच्या हाती. १९२९ मध्ये युद्धभरपाईची नवी हप्तेबंदी ठरवणाऱ्या यंग योजनेविरुद्ध त्याने सार्वमत घडवून आणले आणि त्यासाठीच्या समितीत हिटलरला सामील करून घेतले.

५/ सार्वमत आपटले. जेमतेम १४ टक्के मतदारांनी साथ दिली. पण म्युनिकच्या फसलेल्या उठावापायी तुरुंगात जाऊन आलेल्या माणसाला प्रतिष्ठितांच्या पंक्तीत पान मिळाले ते मिळालेच.

६/ म्हणून 'पुराणमतवाद्यांनी हिटलरला आणले' हे सरसकट विधान अन्यायकारक आहे. करारावर सही करणाऱ्या मंत्र्यांना देशद्रोही ठरवणाऱ्या कलमावरून १२ खासदार पक्ष सोडून गेले. पुढच्या वर्षी माजी अध्यक्ष वेस्टार्पही बाहेर पडला, आणि तो तर हाडाचा राजसत्तावादी! दुसरी वाट होती आणि काहींनी ती धरली. मतदार त्यांच्यामागे फारसे गेले नाहीत, हे खरे.

७/ सप्टेंबर १९३० : नाझी १२ वरून १०७ जागांवर, डीएनव्हीपी ४१ वर. तरीही ऑक्टोबर १९३१ मध्ये बाड हार्झबर्ग येथे संयुक्त मेळावा भरला. हिटलरने आपल्या एसए पथकांची मानवंदना घेतली आणि मित्रसंघटना स्टालहेल्मची पथके समोर येण्याआधीच तो निघून गेला. हुगेनबर्गला हा अपमान कळला नसेल, असे मानणे कठीण.

८/ नोव्हेंबर १९३२ मध्ये नाझींची मते ३७.३ वरून ३३.१ टक्क्यांवर उतरली. दार उघडले गेले ते त्यानंतर. ३० जानेवारी १९३३ च्या मंत्रिमंडळात हिटलर धरून नाझी तिघेच. हुगेनबर्गकडे अर्थ-व्यापार आणि शेती. खुर्च्या आपल्या जास्त, म्हणजे लगाम आपल्या हाती, हा हिशेब. गृहखाते फ्रिककडे आणि प्रशियाचे पोलीस ग्योरिंगकडे गेले, हे त्या हिशेबात कुठे धरले होते कोण जाणे.

९/ शपथविधीपूर्वी हुगेनबर्गने एकच हट्ट धरला : नवी निवडणूक नको. राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग ताटकळत असताना अखेर तो नमला. त्याची भीती मात्र रास्त होती, एवढे त्याच्या बाजूने म्हणायला हवे.

१०/ ५ मार्च. राइशस्टागच्या आगीनंतरचा आणीबाणीचा हुकूम, कम्युनिस्टांची धरपकड, साहाय्यक पोलीस बनलेले एसएचे लोक. एवढे करूनही नाझींना ४३.९ टक्के मते. ६४७ पैकी २८८ जागा. बहुमताला हव्या होत्या ३२४. हुगेनबर्ग आणि पापेन यांच्या 'काळा-पांढरा-लाल संघर्ष आघाडी'ने (हे रंग कैसरच्या ध्वजाचे) ५२ जागा आणल्या. बेरीज ३४०.

११/ पोलीस हाती असलेल्या हिटलरने बहुमताविनाही राज्य केलेच असते, हा युक्तिवाद हलका नाही. पण न्यायाधीश, सेनाधिकारी आणि सरकारी कारकून यांना आज्ञा पाळण्यासाठी कायदेशीरपणाचा आधार लागत होता. तो या ५२ जणांनी दिला. २३ मार्चच्या विशेषाधिकार कायद्यालाही त्यांनी मते दिली. विरोधात ९४ मते पडली, ती सारी सोशल डेमोक्रॅट खासदारांची.

१२/ जून संपण्यापूर्वी डीएनव्हीपीने स्वतःचे विसर्जन केले आणि हुगेनबर्गचे मंत्रिपदही गेले. १४ जुलैला नवा पक्ष काढणे हा गुन्हा ठरला. हुगेनबर्ग मात्र १९४५ पर्यंत राइशस्टागचा सदस्य राहिला, नाझी गटाचा 'पाहुणा' म्हणून.