हेरांचें राज्य आणि न्यायाचें राज्य

सिंगापूर व मलाया येथील चिनी लोकांतील गुप्त कम्युनिस्ट चळवळीवर ब्रिटिश सरकारनें जी पाळत ठेविली, तिचा इतिहास कायद्याच्या राज्याचा अभिमान बाळगणाऱ्या प्रत्येकानें पाहण्याजोगा आहे. १९३० सालीं मलायांत कम्युनिस्ट पक्ष स्थापन झाला. पुढील वर्षींच्या जून महिन्यांत ड्युक्रो नांवाचा फ्रेंच दूत सिंगापुरांत पकडला गेला, त्याच्या कागदांवरून माग लागून शांघायमध्यें धरपकड झाली, आणि त्याच महिन्यांत हाँगकाँगांत हो चि मिन्ह कैद झाले. पोलिसांच्या चातुर्याची ही परमावधि होय, असें कोणी म्हणेल.

पण पकडलेल्यांची पुढें वाट काय? हद्दपारीच्या कायद्यानें गव्हर्नरास नुसत्या हुकुमावर परदेशीयास जहाजावर चढवितां येई. आरोपपत्र नाहीं, उलटतपासणी नाहीं. १९२७ नंतरच्या चीनांत कम्युनिस्टांची कत्तल चालली असतां तिकडे रवानगी म्हणजे अनेकांस देहान्तच. हो चि मिन्ह यांस लोसबी नांवाचा वकील भेटला, त्यानें प्रकरण प्रिव्ही कौन्सिलपर्यंत नेलें, म्हणून ते वांचले. कथिलाच्या खाणींतील मजुरास असा वकील कोठून मिळणार? १८९७ सालीं पुण्याच्या नातू बंधूंस चौकशीवांचून कैदेंत टाकणारें राज्य तें हेंच!

बरें, एवढें करून राज्य तरी सुरक्षित झालें काय? १९३९ पासून पक्षाचा मुख्य चिटणीस असलेला लाय टेक हा स्वतःच ब्रिटिश पोलिसांचा हेर होता. जपानी येतांच तो त्यांचा झाला, आणि १ सप्टेंबर १९४२ रोजीं बातू गुहांपाशीं जमलेले त्याचेच सहकारी जपान्यांच्या गोळ्यांस बळी पडले. १९४७ सालीं तो पक्षाचा पैसा घेऊन पळाला. आणि पुढच्याच वर्षीं जें बंड पेटलें, त्यापायीं पुकारलेली आणीबाणी १९६० पर्यंत चालली. मजूर कां बिथरला, हें कोणत्याही हेराच्या टिपणानें सरकारास उमगलें नाहीं.

हिंसा करणारास शासन झालेंच पाहिजे, हें आम्हांस मान्य आहे. मात्र तें उघड्या न्यायालयांत, पुराव्यानिशीं व्हावें. साम्राज्य गेलें, तरी खटल्यावांचून स्थानबद्ध करण्याचा कायदा सिंगापुरांत आहे, आणि १९८० पासून आपल्याकडेही आहे. परक्यांनीं उगारलेला जो दंड आपण अन्याय्य म्हटला, तो आपल्या हातीं येतांच न्याय्य कसा ठरतो, याचा वाचकांनींच विचार करावा.